पाणी काढलं की घातलं?

आमच्या आणि पलीकडच्या वहिनींच्या परसामध्ये सहा फुटी लाकडी कुंपण आहे. त्यातली एक फळी दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फानं सैल झाली. मुलगा दर शनिवारी हातोडी शोधायला लागतो आणि मी दर शनिवारी त्याला दुसरं काम सांगते. फळी सरकवली की वहिनी अर्ध्या दिसतात. बोलण्याला तेवढं पुरतं.

वहिनी कोल्हापूरच्या, मी नाशिकची. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला एक्स्टन म्हणून गाव आहे, तिथं दोघीही मुलांकडे राहतो. मी इथं २०१२ पासून आहे, त्या २०२१ मध्ये आल्या. त्यामुळे इथली जुनी उणीदुणी सांगण्याचा मान माझा, आणि तो मी सहसा सोडत नाही.

परवा संध्याकाळी मेथीच्या वाफ्याला पाणी घालत होते, तर फळी करकरली.

"चहा घेतलासा काय, ताई?"

"झाला. तुमचा?"

"कसला चहा! घरात सुतक पडल्यागत झालंय. पोराला बाकड्यावर बसवलंय कोचनं. मी तर उद्या शाळंत जाऊन विचारतोच."

(वहिनी 'मी जातो, मी विचारतो' असंच म्हणतात. कोल्हापूरच्या बायका तसंच बोलतात. आमच्या सुनेला पहिले सहा महिने वाटत होतं, त्या भाऊजींचं बोलणं सांगतायत.)

पोरगा म्हणजे त्यांचा नातू. नववीत आहे. शाळेच्या जेव्हीत, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या पोरांत, बास्केटबॉल खेळतो. मागच्या दोन सामन्यांत त्याला अकरा फ्री थ्रो मिळाले, त्यातले दोनच आत गेले. आत्ताही तो पलीकडे सिमेंटच्या चौथऱ्यावर चेंडू आपटत होता. धप, धप, धप, मग क्षणभर काहीच नाही, मग कड्यावर ठण्ण. त्याला मराठी येत नाही असं वहिनी सांगतात, म्हणून आम्ही त्याच्यादेखत त्याच्याबद्दल मोकळेपणानं बोलतो.

"आमच्या ह्यांचं म्हणणं, जमत न्हाई तर बसवणारच. व्यवहार हाय. माझं म्हणणं, लहान पोर हाय, भरवसा ठेवायला नको? आता तुम्हीच सांगा."

अशा वेळी एकदम निकाल द्यायचा नसतो. निकाल दिला की गप्पा संपतात. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला फुल्ट्झ माहीत आहे का?"

"कोण? तो नळवाला?"

"अहो, मार्केल फुल्ट्झ. सिक्सर्सचा. तुम्ही यायच्या आधीचा."

सिक्सर्स म्हणजे फिलाडेल्फियाचा एनबीएतला बास्केटबॉल संघ. वहिनींना मात्र सिक्सर्स म्हणजे मॅक्सी. टायरीस मॅक्सी हसला की त्यांना धाकटा भाऊ आठवतो, त्यामुळे सामना असला की त्या रात्री देवाजवळचा दिवा जरा जास्त वेळ तेवतो. म्हटलं, "थांबा, मॅक्सीपर्यंत येते. गोष्ट मॅक्सीचीच आहे, फक्त मागच्या दारानं."

वहिनींनी उलटी बादली ओढली आणि तिच्यावर बसल्या. आता त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

"आधी हे शहर कसं होतं ते ऐका. २०१५-१६ च्या मोसमात ८२ सामन्यांतले ७२ हरले."

"आणि लोक तिकीट काढून बघत हुते?"

"तिकीट काढून. वर 'प्रोसेसवर विश्वास ठेवा' म्हणून ओरडत. सॅम हिंकी नावाचा कारभारी होता. त्याचा हिशेब असा, की जितकं हराल तितकी पुढच्या साली नवी पोरं निवडताना वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. २०१४ ला एम्बीडला घेतलं, तर त्यानं पायाच्या दुखण्यापायी सलग दोन मोसम एक सामना खेळला नाही. २०१६ ला बेन सिमन्सला पहिल्या नंबरवर घेतलं, तर त्याचाही पाय मोडला, पहिलं वर्ष घरी. आणि लोक थांबले, वहिनी."

"रेशनच्या रांगंत उभारल्यागत."

"अगदी. म्हणजे धीर नाही असं या गावाला कुणी म्हणू नये. मग २०१७ आलं. पहिला नंबर बॉस्टनकडे, आपल्याकडे तिसरा. आपण बॉस्टनला तिसरा नंबर दिला, वर पुढच्या एका सालातला पहिल्या फेरीचा हक्क दिला, आणि पहिला नंबर घेऊन हे पोर आणलं. एकोणीस वर्षांचं. वॉशिंग्टन विद्यापीठात सामन्यामागे २३ गुण काढायचं. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरातले एक्केचाळीस आत."

"आणि बॉस्टननं काय घेतलं?"

"जेसन टेटम."

वहिनी बादलीवरून उठल्याच. टेटम त्यांना माहीत आहे. २०२४ ला बॉस्टन विजेते झाले तेव्हा त्यांच्याकडे आठवडाभर टीव्ही बंद होता. "म्हंजे म्हस दिली आणि वर दावंबी दिलं!"

"दावंबी दिलं. पण तेव्हा कुणाला तसं वाटलं नाही. आमच्याकडे पेढे वाटले होते."

ते खरं आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं आणि फुल्ट्झचा पहिला सामना आदल्या रात्री वॉशिंग्टनला झाला. दुसऱ्या दिवशी फराळाला आलेली माणसं चकली हातात धरून त्याच्या कोपराबद्दल बोलत होती. कारण ज्या पोराला फेकण्यासाठी आणलं, ते फेकतच नव्हतं. लांबून तर नाहीच. फ्री थ्रोला उभं राहिलं की चेंडू छातीशी यायचा आणि तिथूनच ढकलल्यासारखा निघायचा, जशी आपण माळ्यावर गादी ढकलतो. पंधरा फुटांवरून, समोर कुणी अडवायला नाही, आणि हात काही डोक्याच्या वर जाईना.

"झालं, गावभर चर्चा. कुणी म्हणे खांदा दुखतोय, कुणी म्हणे उन्हाळ्यात यानं स्वतःच हात बदलला. तेवढ्यात त्याच्या एजंटनं पेपरवाल्यांना सांगितलं की खांद्यातून पाणी काढलंय, पोराला हात वर करता येत नाही. आणि थोड्या वेळानं तोच म्हणाला, काढलं नाही, कॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलंय. म्हणजे पाणी घातलंय."

फळी आणखी चार बोटं सरकली. "काढलं का घातलं?"

"घातलं."

"मग पहिल्यांदा काढलं का म्हणाला?"

"तेच तर सगळं गाव विचारत होतं."

चार सामने खेळवून त्याला बसवलं. डॉक्टरांनी खवाट्याच्या स्नायूंचा तोल गेलाय म्हणून सांगितलं. ६८ सामने गेले. सरावाच्या वेळी पत्रकार फोन धरून उभे राहायचे आणि संध्याकाळी घरोघरी तोच तुकडा: पोर रेषेवर, चेंडू वर, मध्येच अडकतो, पुन्हा निघतो. माझी सून सायकॉलॉजीची, ती म्हणायची मनाचं आहे. मुलगा म्हणायचा खांद्याचं आहे. व्याही फोनवर म्हणायचे नजर लागली. तिघंही सोफ्यावरून निदान करत होते, त्यात मीही होते. माझं मत होतं की पोर नीट जेवत नसावं.

मार्च २०१८ मध्ये डेन्व्हरविरुद्ध तो परत आला. चौदा मिनिटांत दहा गुण, आठ पास. प्रेक्षक असे ओरडले की घरात झोपलेली नात उठली. मोसमाच्या शेवटच्या रात्री, ११ एप्रिलला, मिलवॉकीविरुद्ध १३ गुण, १० रिबाउंड, १० असिस्ट. असे तिन्ही आकडे दोन अंकी झाले की त्याला ट्रिपल डबल म्हणतात, आणि एवढ्या लहान वयात तोवर एनबीएत कुणी तो केला नव्हता. सगळा संघ त्याच्याभोवती नाचत होता. आम्हाला वाटलं, सुटलं. पण नीट बघितलं असतं तर दिसलं असतं, ते सगळं रिंगणाच्या आत शिरून केलेलं होतं. लांबून फेकणं अजून आलंच नव्हतं.

"आणि मधे तो ब्रायन कोलँजेलोचा घोळ झाला," मी म्हटलं.

"त्यो कोण आणि?"

खरं तर याचा आपल्या विषयाशी फारसा संबंध नाही, पण कुंपणावर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोलँजेलो म्हणजे फुल्ट्झला आणणारा मुख्य कारभारी. मे २०१८ च्या शेवटी बातमी फुटली की ट्विटरवर कुणीतरी खोट्या नावांनी खाती उघडून याची तरफदारी करतंय आणि याच्याच खेळाडूंना नावं ठेवतंय. वकिलांकडून चौकशी झाली. निघालं काय, तर बायको. जूनमध्ये याला राजीनामा द्यावा लागला.

"बायकोनं?" वहिनी इतक्या खूश झाल्या की त्यांनी भाऊजींना हाक मारली. "अहो, ऐकलासा काय!"

भाऊजी आतून चहाचा कप घेऊन आले आणि कुंपणापाशी उभे राहिले. ते उंच आहेत, त्यांना फळीची गरज नाही. म्हणाले, "हे बघा, सगळीच पोरं हिरे नसतात. भरवसा भरवसा म्हणून किती दिवस ओढायचं?"

त्यांचंही चूक नाही. क्लीव्हलंडनं २०१३ ला अँथनी बेनेटला पहिल्या नंबरवर घेतलं, त्याला पहिल्या वर्षी सामन्यामागे पाच गुणही जमले नाहीत, एका मोसमानंतर दुसरीकडे पाठवला, आणि त्याला सोडल्याचं दुःख क्लीव्हलंडमध्ये आजवर कुणी केलेलं नाही. उलटंही होतं. चॉन्सी बिलप्सला बॉस्टननं १९९७ मध्ये तिसरा निवडला आणि ५१ सामन्यांत कंटाळून देऊन टाकला. २००४ ला तो डेट्रॉईटकडून फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी हे सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "आपला कांबळी. सतरा कसोटी, चोपन्नची सरासरी, तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी." आणि कपात बघत राहिले. कांबळी निघाला की भाऊजींचा व्यवहार डळमळतो.

"पुढं काय झालं त्या पोराचं?" वहिनींनी गाडी रुळावर आणली.

पुढं उन्हाळ्यात त्यानं एक खास शिक्षक लावला. दीड लाख वेळा चेंडू फेकून झाला म्हणे. तो शिक्षकच एका मुलाखतीत बोलून गेला की याला 'यिप्स' झालेत. म्हणजे वर्षानुवर्षं केलेली गोष्ट हात ऐन वेळी विसरतो, तसं काहीसं. पोर सप्टेंबरात म्हणालं, नाही, दुखापतच होती. पण यिप्स हा शब्द ऐकायला चटपटीत, खांद्याचा स्नायू म्हणजे अळणी. गावानं चटपटीत ते उचललं. नोव्हेंबरात मायामीला त्यानं एक फ्री थ्रो टाकला: चेंडू कपाळापर्यंत नेला, तिथं थबकला, परत झटका दिला, मग सोडला. उचकी लागल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तो बघितला नाही असं माणूस नव्हतं. त्याच महिन्यात त्याच्या एजंटनं कळवलं की तज्ज्ञांना दाखवेपर्यंत हा खेळणार नाही.

वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. एकदम म्हणाल्या, "त्याचा खांदा कुणी दाबून बघितला?"

"डॉक्टर झाले की पुष्कळ."

"डॉक्टर न्हवं ओ. वस्ताद."

वहिनींचे वडील तालमीचे वस्ताद होते, हे मला माहीत होतं. ही गोष्ट मात्र पहिल्यांदा ऐकली. त्यांच्या तालमीत एक पोर होतं, खेड्यातून आलेलं. चांगलं लढायचं, आणि एकाएकी हरायला लागलं. समोरच्याचा हात खांद्यावर पडला की सुटायचंच. तालमीतली सगळी म्हणायला लागली, भ्यालंय. घरी धाडा. वडिलांनी एका पहाटे त्याला तांबड्या मातीत पालथं घातलं, तेल लावलं आणि टाचेनं मानेपासून खवाट्यापर्यंत दाबत गेले. एका ठिकाणी पोर असं ओरडलं की बाहेर म्हशी धार चोरायला लागल्या.

"बाबा म्हणायचे, भ्यालेला गडी मातीत उतरताना पाय ओढतो. दुखणारा हात राखतो. दोन्ही लांबून सारखंच दिसतंय, हात लावल्याबिगर कळत न्हाई. मग महिनाभर जोर बंद, नुसत्या बैठका. बदाम चालू."

"आणि मग जिंकला?"

"छे. पुढं एसटीत कंडक्टर झाला. पण हात चांगला झाला त्याचा."

मी क्षणभर काही बोलले नाही, कारण माझ्या गोष्टीचा शेवट वहिनींनी माझ्याआधी सांगून टाकला होता. ४ डिसेंबर २०१८ ला निदान आलं: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताकडे नसा जातात, त्या दबल्या जात होत्या. हाताला मुंग्या येतात, जोर जातो, चेंडू बोटांवर कुठं आहे ते नीट कळत नाही. आणि असा हात घेऊन पोर सव्वा वर्ष वीस हजार लोकांसमोर रेषेवर उभं होतं.

"म्हंजे शीरच हुती!" वहिनींनी भाऊजींकडे असं बघितलं, जसं काही निदान त्यांनीच केलं.

"शीरच. आणि दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, सिक्सर्सनी त्याला ओरलँडोला देऊन टाकलं. आपल्याकडे खेळला किती, तर ३३ सामने."

"हे मात्र वंगाळ केलं."

इथं माझं आणि वहिनींचं जमत नाही. मला विचाराल तर देऊन टाकलं ते बरोबरच केलं. संघ तोवर जिंकायला निघाला होता, जिमी बटलरला आणलं होतं, पोराची जागा गेली होती, आणि या गावात त्याला पुन्हा कधी कुणी साध्या नजरेनं फ्री थ्रो टाकू दिला नसता. मी स्वतःही नाही. चूक आधीची. भरवसा ठेवला, नाही असं नाही. पण तो निवडलेल्या नंबरावर, दिलेल्या किमतीवर. पोर 'दुखतंय' म्हणत होतं त्यावर ठेवायला हवा होता तो. बाकावर थांबवून ठेवणं म्हणजे भरवसा नव्हे. सामान घरपोच आलंय, खोका फोडायचा राहिलाय, तसं ते थांबणं होतं. आणि टाळ्यांचं तर बोलूच नका. साधा फेकलेला चेंडू आत गेला की वीस हजार लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. प्रेमानंच. पण पोराला कसं वाटत असेल? पाहुण्यांसमोर दोन घास खाल्ले म्हणून कौतुक केल्यासारखं.

"ओरलँडोला काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"तिथं गेल्यावर त्यांनी त्याला त्या मोसमात एकही सामना खेळवला नाही. बरा हो म्हणाले. पुढच्या मोसमात ७२ सामने खेळला, सामन्यामागे बारा गुण, फ्री थ्रो शंभरातले त्र्याहत्तर. लेकर्सविरुद्ध त्यांच्या घरी जाऊन ट्रिपल डबल. डिसेंबर २०२० मध्ये तीन वर्षांचे पाच कोटी डॉलर कबूल झाले, आणि जानेवारीत गुडघा गेला. त्यातूनही वर्षानं परत आला. २०२२-२३ ला सामन्यामागे चौदा गुण काढले. मोठा खेळाडू काही झाला नाही."

"म्हंजे कंडक्टर झाला," वहिनी समाधानानं म्हणाल्या.

"पाच कोटी डॉलरचा."

"असंना का. हात चांगला झाला न्हवं?"

"झाला. आणि आता मॅक्सी. ओरलँडोनं त्याच्या बदल्यात जे दिलं, त्यात पुढच्या एका साली पहिल्या फेरीत एक पोर निवडायचा हक्क होता. ओक्लाहोमाचा, फिरत फिरत आलेला. २०२० ला तो आला एकविसाव्या नंबरवर. त्यातून सिक्सर्सनी कुणाला घेतलं?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाऊजींनी चहा तसाच धरला.

"मॅक्सी?"

"मॅक्सी. २०२३-२४ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त सुधारलेला खेळाडू म्हणून त्याचाच मान झाला. ऑल स्टारही त्याच वर्षी."

"बघा, व्यवहार!" भाऊजी म्हणाले.

"व्यवहार कसला, देवाची करणी," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष चौथऱ्याकडे गेलं. चेंडू बऱ्याच वेळात वाजला नव्हता. पोरगा रेषेवर चेंडू कमरेला लावून आमच्याकडे बघत उभा होता.

"ह्याला बी पालथं घालून बघायला पायजे," वहिनी हळूच म्हणाल्या. "खांदाच असणार. न्हाईतर मनाचं. तुम्हाला काय वाटतंय, ताई?"

मी तोंड उघडलं होतं. मला वाटत होतं की पोर नीट जेवत नसावं.

"आज्जी, मला मराठी समजतं," पोरगा म्हणाला. उच्चार थेट कोल्हापूरचे. "खांदा ओके आहे. कोचनं कोपर आत घे म्हणून सांगितलंय, म्हणून चुकतंय. आधीच्यानं जात होता."

"मग त्याला सांगितलंस का तसं?"

"नाही."

"का न्हाई?"

"त्यानं विचारलं नाही. तुम्ही पण नाही."

भाऊजी खोकले. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी मेथीकडे. पोरानं चेंडू उचलला, कोपर बाहेर ठेवलं, आणि पहिल्यासारखा फेकला. चेंडू कड्याच्या मागच्या बाजूवर आपटला, उंच उडाला, भाऊजींच्या डोक्यावरून कुंपण ओलांडून आला आणि माझ्या वाफ्यात पडला. अर्धी मेथी गेली. उरलेल्या अर्ध्यात काल थालीपीठं केली, चार त्यांच्याकडे फळीतून दिली.